फोनची बॅटरी, चार्जर आणि गोव्याचे ऊन

म्हापशाहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. फोन दीड वर्षाचा, बॅटरी ५००० एमएएचची. घरी ४५ वॉटचा चार्जर आहे, रात्री उशाशी वायरलेस पॅड असतो आणि दिवसा कामानिमित्त स्कूटरच्या हँडलवर नकाशा लावून यूएसबीवर चार्जिंग चालू असते. बॅटरी हेल्थ, म्हणजे नव्या बॅटरीच्या तुलनेत उरलेली क्षमता, ८२ टक्क्यांवर आली आहे. जून लागल्यापासून पोर्टमध्ये ओलावा असल्याचा इशाराही अधूनमधून येतो. फास्ट चार्जर कपाटात टाकून जुना ५ वॉटचा वापरायला घ्यावा का?

घ्या हवे तर, पण हाती फारसे लागणार नाही. तुमच्या तीन सवयींत फास्ट चार्जरचा दोष सगळ्यात कमी आहे. क्रम लावायचा तर पहिली स्कूटर, दुसरा रात्रीचा पॅड आणि बऱ्याच अंतराने तिसरा चार्जर. हा क्रम असाच का, हे कळायला बॅटरी कशाने म्हातारी होते ते आधी पाहावे लागेल.

फोनमधला लिथियम-आयन सेल दोन प्रकारे झिजतो. एक वापराने, म्हणजे भरणे-रिकामे करणे या चक्राने. दुसरा नुसता पडून राहिल्याने. पहिला प्रकार सगळ्यांना ठाऊक असतो, कारण कंपन्या त्याच भाषेत बोलतात. ॲपल आयफोन १४ पर्यंतच्या फोनसाठी ५०० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता सांगते, आयफोन १५ पासून १००० चक्रांनंतर. युरोपीय संघाने जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमात ८०० चक्रांनंतर ८० टक्के ही अट आहे. एक चक्र म्हणजे एकूण १०० टक्के वापर. आज ५० आणि उद्या ५० टक्के वापरलेत, तर दोन दिवसांचे मिळून एकच चक्र धरायचे. रोज एक चक्र धरले तर दीड वर्षाची साडेपाचशेच्या आसपास होतात. तेव्हा ८२ हा आकडा वाईट दिसला तरी अगदी अनपेक्षित नाही.

दुसऱ्या झिजेकडे मात्र कुणी पाहत नाही. सेलच्या ऋणाग्रावर, म्हणजे ग्रॅफाइटवर, इलेक्ट्रोलाइटच्या विघटनाचा एक पातळ थर जमत असतो. तो थोडा हवाच, पण तो वाढत गेला की त्यात लिथियम अडकून बसते आणि परत कामाला येत नाही. दुसऱ्या टोकाला, धनाग्रावरही व्होल्टेज जास्त असले की इलेक्ट्रोलाइट जळत राहतो. या दोन्ही क्रियांना वेग देणाऱ्या गोष्टी दोनच: तापमान आणि सेल किती भरलेला आहे. रसायनशास्त्रातला ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो. भरलेपणाचे म्हणाल, तर आजच्या फोनचा सेल पूर्ण भरला की ४.४ ते ४.५ व्होल्टवर असतो आणि ८० टक्क्यांना साधारण ४.२ च्या आसपास. फरक पाव व्होल्टचा, पण सेलच्या दृष्टीने तो फार मोठा आहे.

बॅटरीच्या धंद्यात वर्षानुवर्षे दाखवला जाणारा एक तक्ता आहे. सेल ४० टक्के भरून २५ अंशांत वर्षभर नुसता ठेवला तर ९६ टक्के क्षमता उरते. १०० टक्के भरून त्याच तापमानाला ठेवला तर ८०. ४० अंशांत ४० टक्के भरलेला ८५ वर येतो आणि ४० अंशांत पूर्ण भरलेला ६५ वर. आजचे सेल याहून टिकाऊ आहेत, त्यामुळे आकडे जसेच्या तसे लावू नका. पण चार आकड्यांमधले प्रमाण पाहा. नुसती ऊब असली तर झीज होते, नुसते भरलेपण असले तरी होते, आणि दोन्ही एकत्र आली की मोठा तुकडा तुटतो. म्हणून कुठल्याही चार्जिंग पद्धतीला विचारायचा प्रश्न असा: या पद्धतीत माझी बॅटरी गरम आणि भरलेली, दोन्ही एकदम, किती तास राहते? चार्जरवर किती वॉट लिहिलेत ही बाब त्यानंतरची.

आता गोव्याचा मुद्दा. सेलच्या चाचण्यांचे प्रमाण तापमान २५ अंशांच्या आसपास असते. आपल्याकडे किनारपट्टीत भर पावसाचे महिने सोडले तर दुपारी ३० ते ३३, डिचोली-साखळी-वाळपई पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये त्याहून वर. म्हणजे फोन चार्जिंगला लावायच्या आधीच पाच-सात अंश खर्ची पडलेले असतात. थंडीत चार्ज केल्याने ग्रॅफाइटवर धातूरूप लिथियम जमते, हा हिमालयातल्या लोकांचा त्रास आपल्याला नाही, एवढीच जमेची बाजू.

फास्ट चार्जरचा हिशेब नीट मांडू, कारण त्याच्याबद्दल भीती फार आहे. सेलचा अंतर्गत रोध उदाहरणादाखल ५० मिलिओहम धरा. उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ५ वॉटच्या चार्जरवर सेलमध्ये साधारण १ अँपिअर जातो, उष्णता ०.०५ वॉट, हाताला जाणवणारही नाही. ४५ वॉटवर सुरुवातीला १० अँपिअरच्या आसपास जातो. उष्णता ५ वॉट, शंभर पट. वेळ दहावा हिस्सा लागला तरी तेवढेच चार्ज भरताना एकूण उष्णता दहापट झाली. म्हणजे फास्ट चार्जर फोन तापवतो यात खोटे काही नाही.

पण हे १० अँपिअर किती वेळ चालतात? बॅटरी रिकामी असताना काही मिनिटे. ५० टक्क्यांच्या पुढे फोन स्वतःच प्रवाह उतरवत नेतो आणि ८० च्या पुढे तर तुमचा ४५ वॉटचा चार्जर साध्या चार्जरसारखाच वागतो. शेवटचे २० टक्के इतके रेंगाळतात ते याचमुळे. शिवाय तापमानावर पहारा असतो. जपानच्या जेईआयटीए या संस्थेने २००७ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ४५ अंशांच्या वर चार्जिंग उतरवायचे आणि ६० ला थांबवायचे. फोन कंपन्या आपापल्या सीमा त्याहूनही अलीकडे ठेवतात. तेव्हा पंख्याखाली, कव्हर काढून, स्क्रीन बंद ठेवून २० वरून ७०-८० टक्के अर्ध्या-पाऊण तासात भरले, तर बॅटरी थोडा वेळ ३८-४० अंशांवर जाते, तीही अर्धवट भरलेली असताना, आणि मग खाली येते. ही झीज परवडणारी आहे.

फास्ट चार्जिंगच्या जाती वेगवेगळ्या आहेत हेही लक्षात घ्या. जुन्या क्विक चार्जमध्ये चार्जर ९ किंवा १२ व्होल्ट पाठवतो आणि फोनमधले सर्किट ते ४ व्होल्टपर्यंत उतरवते. या उतरवण्यात दहा टक्क्यांच्या आसपास वीज फोनच्या पोटातच उष्णता होऊन बसते. ओप्पो-वनप्लस घराण्यातल्या व्हूकने व्होल्टेज कमी आणि प्रवाह जास्त ठेवून हे उतरवण्याचे काम चार्जरकडे दिले. म्हणून त्यांचा चार्जर पोळतो आणि फोन बरा असतो. सुपरव्हूकमध्ये दोन सेल एकापुढे एक जोडून प्रत्येकावरचा प्रवाह निम्मा केला. पीपीएस या यूएसबीच्या फास्ट चार्जिंग पद्धतीत फोन चार्जरला दर क्षणी नेमके व्होल्टेज सांगतो, २० मिलिव्होल्टच्या टप्प्याने, आणि फोनमधला चार्ज पंप नावाचा सर्किटचा भाग ते फक्त निम्मे करतो, त्यात दोन-तीन टक्केच वाया जातात. तुमचा ४५ वॉटचा चार्जर पीपीएसचा असेल तर त्यावर छापलेले असते, '३.३-११ व्होल्ट' अशी ओळ शोधा. ४५ वॉटसाठी केबलही ५ अँपिअरची, चिप असलेली लागते. ती नसेल तर फोन गुपचूप कमी वेगावर येतो.

केबलवरून आठवले, बाजारात मिळणाऱ्या स्वस्त केबलमध्ये २८ गेजची, म्हणजे फार बारीक, तार असते. मीटरभर लांबीत जाणारी आणि येणारी मिळून ०.४ ओहमपेक्षा थोडा जास्त रोध. २ अँपिअरवर ०.८५ व्होल्ट वाटेतच संपतात, ५ व्होल्टचे ४.१५ होऊन पोचतात आणि फोन कण्हत कण्हत चार्ज होतो. यात बॅटरी बिघडत नाही, वेळ जातो. डुप्लिकेट चार्जरचे तसे नाही. चार्जिंगला असताना स्क्रीन आपोआप टच होऊ लागली, बोट एकीकडे आणि क्लिक दुसरीकडे, तर त्या चार्जरची फिल्टरिंग निकृष्ट आहे असे समजा आणि तो फेकून द्या. चार्जरवर बीआयएसचे (भारतीय मानक ब्यूरोचे) चिन्ह आणि 'आर-' ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसते. दुकानातच उभे राहून तपासा.

आता रात्रीचा पॅड. वायरलेस चार्जिंगमध्ये पॅडमधले वेटोळे शंभर किलोहर्ट्झच्या वरचे चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि फोनच्या पाठीतले वेटोळे ते पकडते. भिंतीतून घेतलेल्या विजेतला चौथा हिस्सा, फोन तिरका ठेवला असेल तर तिसरा हिस्सा किंवा जास्तही, वाटेत उष्णता होतो. फोनला १० वॉट पोचवायचे तर तीन-चार वॉट वाया जातात. त्यातली निम्मी उष्णता फोनच्या पाठीत, म्हणजे नेमकी बॅटरीच्या अंगाला. तारेने तेच १० वॉट दिले तर फोनच्या आत एक वॉटच्या आत-बाहेर. शिवाय पाठ हीच फोनची उष्णता बाहेर टाकायची मुख्य जागा, आणि ती आपण एका गरम चकतीवर टेकवून ठेवतो.

एक ढोबळ मोजमाप सांगतो. २०० ग्रॅमचा फोन १ अंशाने तापवायला साधारण १८० ज्यूल लागतात. ३ वॉट उष्णता आतल्या आत कोंडली तर मिनिटाला १ अंश चढतो. उघड्यावर हवा ती घेऊन जाते म्हणून फोन कुठेतरी स्थिरावतो. गादीवर, उशीखाली, मच्छरदाणीत गुंडाळलेल्या पांघरुणात तो स्थिरावत नाही, संरक्षण सर्किट मध्ये पडेपर्यंत चढतच राहतो.

पॅडवर १०० टक्के झाल्यावर काय होते ते जास्त महत्त्वाचे. फोन चार्जिंग थांबवतो, थोडा उतरला की पुन्हा भरतो, पुन्हा थांबतो. अकराला ठेवलेला फोन दीडला भरला तर सकाळी साडेसहापर्यंत पाच तास तो पूर्ण व्होल्टेजवर आणि मधूनमधून कोमट. मेमधल्या रात्री, खिडक्या बंद, खोली २९-३० अंशांवर. मे असो-नसो, पॅडवर भरलेला फोन वर्षातून तीनशे रात्री. वरचा तक्ता आठवा. माझ्या मते तुमच्या गेलेल्या अठरा टक्क्यांत या रात्रींचा वाटा ४५ वॉटच्या चार्जरपेक्षा नक्कीच जास्त आहे.

पॅड ठेवायचाच असेल तर फोन ८० टक्क्यांवर थांबेल अशी सोय करा. सॅमसंगमध्ये सेटिंग्जच्या बॅटरी विभागात 'बॅटरी प्रोटेक्शन' आहे, त्यातला 'मॅक्सिमम' पर्याय घ्या. आयफोन १५ पासून पुढे चार्जिंगची मर्यादा ठरवता येते, आयओएस १८ पासून ८० ते १०० मध्ये पाच-पाच टक्क्यांच्या टप्प्याने. पिक्सेलमध्येही ८० ची मर्यादा आली आहे. ज्या फोनमध्ये असे काही नाही, त्यांच्यासाठी प्लगचा यांत्रिक टायमर दीड-दोन तासांवर लावणे हा साधा उपाय आहे. पॅडवर फोन मधोमध बसला की नाही ते पाहा. क्यूआय-२ या नव्या वायरलेस मानकाचे, चुंबक असलेले पॅड हे काम आपोआप करतात, म्हणून त्यांच्यावर फोन कमी तापतो. कव्हरच्या मागे ठेवलेले एटीएम कार्ड, पाचाचे नाणे, मोबाइल चिकटवायची लोखंडी पट्टी, सगळे काढा. धातूत भोवरा-प्रवाह फिरतात आणि तो तुकडा इस्त्रीसारखा तापतो.

८० ची मर्यादा लावल्यावर फोन क्वचित १०० पर्यंत गेलेला दिसला तर घाबरू नका, तो टक्केवारीचे मीटर जुळवून घेत असतो. आणि ज्या दिवशी काणकोणला किंवा चोर्ला घाटापलीकडे जायचे आहे, त्या दिवशी बिनधास्त १०० करा. भरून लगेच वापरायला घेतले तर नुकसान नगण्य. बॅटरी आपल्यासाठी आहे, आपण बॅटरीसाठी नाही.

आता पहिला गुन्हेगार, स्कूटर. फोनचा पुढचा भाग साधारण १६ सेंटिमीटर गुणिले ७.५ सेंटिमीटर, म्हणजे १२० चौरस सेंटिमीटर. स्वच्छ दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १००० वॉट ऊन पडते. त्या हिशेबाने फोनवर १२ वॉट पडतात, आणि काळी काच त्यातले बहुतेक सगळे पिऊन टाकते. घरचा फास्ट चार्जर काही मिनिटांपुरती ५ वॉट उष्णता देतो म्हणून आपण चिंता करतो आणि सूर्य तासन् तास १० वॉट देतो ते मोजतच नाही. त्यात उन्हात दिसावी म्हणून पूर्ण उजळलेली स्क्रीन, जीपीएस, मोबाइल डेटा आणि वर चार्जिंग. सत्तरीच्या आतल्या भागात किंवा घाटात टॉवर दूर असला की फोन रेंज धरायला जास्त शक्तीने ओरडतो, त्याची ऊब वेगळी.

गाडी चालू असताना वारा बरीच उष्णता नेतो. खरा घात थांबल्यावर होतो. सिग्नलला, फेरीच्या रांगेत, गिऱ्हाइकाची वाट पाहत झाडाऐवजी उन्हात उभे असताना. पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाले) आणि डिलिव्हरीवाल्यांचे फोन वर्षा-दीड वर्षात फुगतात ते याचमुळे. आणि हे सगळे होताना फोन सतत चार्जिंगला असल्यामुळे ९५-१०० टक्क्यांवर असतो. गरम आणि भरलेला, आठ-आठ तास. यापेक्षा वाईट परिस्थिती मुद्दाम शोधूनही सापडणार नाही.

यावर करता येण्यासारखे बरेच आहे. सकाळी फोन ७०-८० टक्क्यांवर घेऊन निघा आणि हँडलवर असताना चार्जिंग बंद ठेवा. ४० च्या खाली आला की सावलीत थांबल्यावर पॉवर बँकेने भरा. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ३७ वॉट-तास असतात, रूपांतराची गळती वजा जाता ५००० एमएएचचा फोन ती एकदा पूर्ण आणि वर थोडा भरते. दिवसाला पुरते. मात्र पॉवर बँक डिकीत ठेवू नका. खाली इंजिन, वर उन्हात तापलेली सीट, तिथे तिचीही तीच गत होते. पाठीवरच्या पिशवीत ठेवा. फोनच्या होल्डरवर सावलीची टोपी मिळते, ती दिसायला विचित्र पण कामाची आहे. गोव्याचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, म्हणजे डेटाचा भार कमी होईल. ओळखीचा रस्ता असेल तर स्क्रीन बंद करून फक्त आवाजावर चाला. स्कूटरच्या यूएसबीवरच चार्ज करणे भाग असेल तर मर्यादा ८० वर लावूनच.

होल्डरबद्दल आणखी एक. हँडलचा सततचा थरकाप कॅमेऱ्यातल्या स्थिरीकरणाच्या यंत्रणेला बाधू शकतो, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिला होता. मोपेड-स्कूटरला थरकाप कमी करणारा रबरी माउंट घ्यावा असे त्यांचे म्हणणे. केबल लावलेली असेल तर हाच थरकाप पोर्टची पकडही ढिली करतो.

चारचाकीवाल्यांसाठी दोन ओळी. मिरामारला किंवा दोनापावलाला उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर फोन विसरू नका, तिथे ६० अंश सहज होतात. होल्डर एसीच्या झडपेसमोर लावा. गार हवेच्या झोतात नकाशा आणि चार्जिंग दोन्ही निर्धास्त चालते.

फोन खूप तापलाच तर फ्रिजमध्ये ठेवू नका. चार्जिंग काढा, कव्हर काढा, सावलीतल्या थंड लादीवर किंवा बाल्कांवच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, दगडी बाकावर पालथा ठेवा, पंखा लावा. दहा मिनिटांत काम होते. फ्रिजमधून बाहेर काढलेल्या फोनच्या आत-बाहेर पाणी सुटते, आणि तिथून ओलाव्याचा विषय सुरू होतो.

पावसाळ्यात आपल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्याहून थंड वस्तूवर हवेतले पाणी जमते ते तापमान, २४-२५ अंशांवर असतो. २१-२२ अंशांच्या एसीतून बाहेर आले की चष्म्यावर धुके येते, तेच फोनच्या पोर्टमध्येही येते. स्कूटरवर पावसाचे थेंब, समुद्रकाठी मिठाचे तुषार. सी-टाइप पोर्टमध्ये २४ संपर्क-पट्ट्या असतात, त्यातल्या चार धन आणि चार ऋण. शेजारच्या पट्टीशी अंतर अर्धा मिलिमीटर. मध्ये खारट पाणी आणि वर ५ किंवा ९ व्होल्ट, म्हणजे विद्युत-अपघटनाचा प्रयोगच. पट्ट्या हिरव्या-काळ्या पडतात. चारपैकी दोन धन पट्ट्या खराब झाल्या की उरलेल्या दोघींवर दुप्पट प्रवाह येतो आणि प्रत्येकीची उष्णता चौपट होते. चार्जिंग करताना फोनची फक्त खालची कड पोळते, बाकी फोन थंड, अशी तक्रार असेल तर दोष बॅटरीत नसून इथे असतो.

इशारा आला की तारेने चार्जिंग करायचे नाही. 'तरीही चार्ज करा' हे बटण दाबायचे नाही. फोन पोर्ट खाली करून तळहातावर हलकेच आपटा, पाणी निघेल. मग पोर्ट पंख्याकडे करून ठेवा. पावसाळ्यात साध्या खोलीतली हवा इतकी ओली असते की तासन् तास वाळत नाही, एसीची खोली किंवा घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या जास्त कामाच्या. तांदळात पुरू नका, पीठ आणि कण आत जातात. हेअर ड्रायर नको. अर्ध्या तासाने पुन्हा लावून पाहा. पुन्हा इशारा आला तर दिवसभरही थांबावे लागेल. अगदी अडले तर तेवढ्यापुरता तुमचा वायरलेस पॅड वापरा, आधी पाठ कोरडी पुसून. या एका प्रसंगी तो खरोखर उपयोगाचा आहे.

समुद्राचे पाणीच गेले असेल आणि फोन पाणीरोधक असेल, तर बाहेरून साध्या पाण्याने मीठ धुऊन मग वाळवा. नुसते वाळवले तर मीठ आतच राहते आणि पुढच्या दमट दिवशी ते हवेतले पाणी ओढून पुन्हा इशारा देते. पाऊस नसतानाही येणाऱ्या इशाऱ्यांमागे बहुधा हेच असते.

पोर्टची सफाई दोन-तीन महिन्यांतून एकदा करावी. फोन बंद करा. टॉर्चच्या उजेडात पाहा. केबल पूर्ण टेकत नसेल, कडेला फट राहत असेल तर तळाशी खिशातला कापूस आणि तांबडी माती दाबून बसलेली आहे. लाकडी दातकोरणी ब्लेडने चपटी करून, मधल्या जिभेला धक्का न लावता, दोन्ही बाजूंनी हलकेच खरवडून बाहेर काढा. टाचणी, सेफ्टी पिन अजिबात नको. रबरी ब्लोअरने फुंका, तोंडाने नको, थुंकीचे कण जातात. डाग असतील तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशच्या टोकाला एखादा थेंब, आणि पंधरा मिनिटे सुकू द्या. घरात उर्राक किंवा फेणी ही काजूची दारू आहे म्हणून ती वापरू नका. त्यात निम्म्याहून अधिक पाणीच असते. केबलचे टोकही याच पद्धतीने पुसा. काळे पडलेले टोक नव्या पोर्टलाही काळे करते, तेव्हा तशी केबल सरळ टाकून द्यावी.

वीज जाण्या-येण्याचे थोडक्यात सांगतो. बहुतेक चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे दाब कमी झाल्याने फोनला काही होत नाही आणि स्टॅबिलायझर लागत नाही. गडगडाट सुरू झाला की मात्र चार्जर प्लगमधून काढा. नुसते बटण बंद करणे पुरत नाही. इन्व्हर्टर जुना, चौकोनी लहरीचा असेल तर चार्जर गुणगुणतो आणि जास्त तापतो. तेवढ्यापुरता पॉवर बँकेवर चार्ज केलेला बरा.

काही जुन्या समजुती अजून फिरत आहेत. नवा फोन आठ तास चार्ज करणे, बॅटरी पूर्ण संपवूनच पुन्हा लावणे, हे निकेल-कॅडमियमच्या काळातले नियम. लिथियमला उलटे चालते, २०-३० वरून ७०-८० पर्यंतची छोटी भर त्याला सगळ्यात मानवते. दिवसात तीनदा लावले तरी चक्रे वाढत नाहीत. आणि फोन चार्जिंगला लावून व्हिडिओ कॉल किंवा गेम खेळू नका, कारण प्रोसेसरची आणि चार्जिंगची उष्णता एकाच वेळी एकाच काचेखाली साठते.

जहाजावर किंवा आखातात जाताना दुसरा फोन घरी ठेवून जाणाऱ्यांनी तो ५० टक्क्यांवर आणून पूर्ण बंद करावा, लोखंडी कपाटात नको, घरातल्या थंड भिंतीजवळच्या खणात सिलिका जेलसह ठेवावा आणि घरच्यांना दर सहा महिन्यांनी पुन्हा ५० करायला सांगावे. शून्यावर ठेवून गेलात तर परत येईपर्यंत सेल इतका खाली जातो की संरक्षण सर्किट तो चार्जच होऊ देत नाही.

तुम्ही करायचे पहिले काम म्हणजे मोजणे. अँड्रॉइडवर एक्यूबॅटरीसारखे ॲप टाका, त्यात बॅटरीचे तापमान आणि प्रवाह दोन्ही दिसतात. एक आठवडा तीन वेळा पाहा: घरी ४५ वॉटवर लावल्यावर पंधरा मिनिटांनी, पहाटे पॅडवरून उचलताना आणि दुपारी स्कूटरवरून उतरल्या उतरल्या. पहिला आकडा ४० च्या आत आला तर फास्ट चार्जर निर्दोष. तिसरा ४५ च्या वर आला, आणि तो येईल, तर सुधारणा कुठे करायची ते उघड आहे.

८२ टक्क्यांवर बॅटरी बदलायची घाई नको. ८० च्या खाली गेली, २०-२५ टक्क्यांवर फोन एकदम बंद पडू लागला, किंवा पाठीची काच एका कडेने उचललेली दिसली की बदला. यातले शेवटचे लक्षण फुगल्याचे. तसे दिसताच चार्जिंग थांबवा, फोन बंद करा, काच दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, लादीवर पेटणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि दुरुस्तीला न्या. फुगलेला सेल टोचला गेला तर पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. नवी बॅटरी घेताना तिच्यावरही बीआयएसचा 'आर-' क्रमांक पाहा. आणि पाठ उघडली की कारखान्यातली पाणीरोधक चिकटपट्टी तुटते, नवी लावली तरी ती पहिल्यासारखी बसेल याची खात्री नसते. फुगलेली नसेल तर हे काम चवथ (गणेशचतुर्थी) होऊन पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात काढा.